कडुनिंबाच्या अर्काने ९२ टक्के संरक्षण, मग मामांचं कास्टिंग काळं का पडतंय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे रसायनशास्त्राचे एम.एस्सी.चे विद्यार्थी आहेत. त्यांनी प्रकल्पासाठी ॲल्युमिनिअमच्या पत्र्याचे तुकडे १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात ३० अंशांना सहा तास ठेवले. नुसत्या आम्लात दर चौरस सेंटिमीटरला १० मिलिग्रॅम धातू गेला. कडुनिंबाच्या पानांचा अर्क घातल्यावर फक्त ०.८ मिलिग्रॅम गेला, म्हणजे ९२ टक्के संरक्षण. त्यांच्या मामांचं भोसरीला मशीन शॉप आहे. तिथे गिअरबॉक्सची डायकास्ट (वितळलेलं ॲल्युमिनिअम साच्यात दाबाने भरून केलेली) हाउसिंग्ज, म्हणजे बाहेरची कवचं, वॉशिंग मशीनमधून निघाली की काळपट पडतात आणि गिऱ्हाईक माल परत पाठवतं. तर हाच अर्क, किंवा दुसरं एखादं सेंद्रिय इनहिबिटर (क्षरण, म्हणजे धातू खाल्ला जाणं, रोखणारा पदार्थ), धुण्याच्या पाण्यात टाकलं तर चालेल का?

अर्क चालणार नाही. दुसरं सेंद्रिय इनहिबिटर चालेल, पण त्याआधी धुण्याचं पाणी बदलावं लागेल. गेली पंचवीसेक वर्षं मी कूलंट (इंजिन किंवा यंत्र थंड ठेवणारं द्रव), धुण्याची केमिकल्स आणि बंद सर्किटमधल्या पाण्याच्या इनहिबिटरवर काम करतो आहे. हा प्रश्न वेगवेगळ्या रूपांत माझ्याकडे सतत येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तुमचेच आकडे घेऊ. ॲल्युमिनिअमची घनता २.७, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला १ मिलिग्रॅम गेला तर जाडी ३.७ मायक्रॉन कमी झाली. तुमच्या अर्काच्या द्रावणात सहा तासांत ०.८ मिलिग्रॅम, म्हणजे जवळपास ३ मायक्रॉन गेले. दिवसाला १२, वर्षाला ४.३ मिलिमीटर. मामांच्या हाउसिंगची भिंत ३ मिलिमीटरची असेल तर ९२ टक्के संरक्षण मिळूनही ती नऊ महिन्यांच्या आत आरपार खाल्ली जाईल. तुमचा प्रयोग चुकला असं मी म्हणत नाही. आम्लाने पाच मिनिटं साफ करून लगेच धुऊन टाकायचं असेल तर हे संरक्षण उपयोगी आहे. पण टक्केवारी ही कशाच्या तुलनेत आहे ते सांगितल्याशिवाय तिला अर्थ नसतो. मूळ क्षरणच प्रचंड असेल तर ९२ टक्के वाचवूनही उरलेलं खूप असतं. म्हणून प्रबंधात टक्क्यांच्या शेजारी वर्षाला किती मिलिमीटर हा आकडा नक्की लिहा.

आता ॲल्युमिनिअमच्या स्वभावाकडे येऊ. लोखंडाला गंज चढतो तो धातूला वाचवत नाही. ॲल्युमिनिअमचं उलटं आहे. हवेत येताच त्यावर दोन ते चार नॅनोमीटरचा ऑक्साइडचा पापुद्रा धरतो आणि तोच त्याचं चिलखत असतो. साधारण चार ते साडेआठ पीएचच्या दरम्यान हा पापुद्रा टिकतो. त्याखाली आम्ल त्याला विरघळवतं, त्यावर अल्कली विरघळवते. अल्कलीच्या बाजूला पीएच एकाने वाढला की ऑक्साइडची विद्राव्यता सुमारे दहापट होते. मामांच्या टाकीत कॉस्टिकवर (सोडियम हायड्रॉक्साइडवर) आधारलेलं, लोखंडी जॉबसाठी बनवलेलं केमिकल असेल (बहुतेक ठिकाणी तेच असतं, कारण ते स्वस्त असतं आणि तेल छान काढतं) तर तिथला पीएच १२ च्या आसपास असणार. त्या पाण्यात ६० अंशांना ॲल्युमिनिअम बुडवलं की अंगावरून बारीक बुडबुडे निघताना डोळ्यांनी दिसतात. तो हायड्रोजन. एक मिलिग्रॅम धातू गेला की खोलीच्या तापमानाला जवळपास १.४ मिलिलिटर हायड्रोजन निघतो. उलटी ब्युरेट धरून तो गोळा केला तर तराजूशिवायही क्षरणाचा वेग मोजता येतो. कॉलेजात हे जरूर करून बघा. अर्क घातल्यावर बुडबुड्यांचा वेग दर मिनिटाला कसा बदलतो ते त्यात दिसतं, सहा तासांच्या शेवटी केलेल्या एका वजनात दिसत नाही.

सेंद्रिय रेणू संरक्षण कसं देतात? ते पृष्ठभागावर जाऊन बसतात. पण बसण्यासाठी पृष्ठभागाला त्यांची ओढ हवी, आणि ती पाण्याच्या पीएचवर ठरते. तुमच्या आम्लात ऑक्साइडचा पापुद्रा गेलेला असतो, उघड्या धातूवर आधी क्लोराइड बसतात आणि त्यांच्या ऋण भारावर अर्कातले प्रोटॉन चिकटलेले, धन भाराचे रेणू येऊन बसतात. नायट्रोजन, ऑक्सिजन, गंधक असलेले रेणू आम्लात चांगले काम करतात ते यामुळे. कॉस्टिकमध्ये हे सगळं बदलतं. ॲल्युमिनिअमच्या ऑक्साइडचा पृष्ठभाग पीएच ९ च्या सुमाराला भारशून्य असतो. त्याखाली तो धन असतो, वर गेलं की ऋण. अर्कातले टॅनिन आणि फिनॉल कॉस्टिकमध्ये स्वतःही ऋण होतात, मग दोघं एकमेकांना दूर ढकलतात. वर तो पृष्ठभाग खालून सतत विरघळत असतो. वाहून जाणाऱ्या मातीवर फरशी बसवण्यासारखं ते काम आहे. कॉस्टिकमध्ये अर्काचा काहीच परिणाम होत नाही असं नाही, थोडा होतो. पण टॅनिन तिथे ऑक्सिडाइज होऊन पाणी गडद तपकिरी होतं, आणि गिऱ्हाइकाची तक्रारच मुळी रंगाची आहे.

घरातलं एक उदाहरण या जागी अगदी नेमकं बसतं. कुकरमध्ये तळाला पाणी घालताना आपल्या घरांत लिंबाची पिळलेली फोड किंवा चिंचेचं बुटुक टाकतात, कुकर आतून काळा पडू नये म्हणून. नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट असतं. ते उकळलं की कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पाणी अल्कलीच्या बाजूला सरकतं आणि ॲल्युमिनिअम काळवंडतं. लिंबातलं सायट्रिक आम्ल पाण्याचा पीएच खाली धरून ठेवतं. सायट्रिक आम्ल सेंद्रिय आहे, पण इथे ते इनहिबिटर म्हणून काम करत नाही, पीएच सांभाळतं. तेच जास्त घातलं तर ते ॲल्युमिनिअमला धरून पाण्यात ओढून नेतं. सायट्रेट, ग्लुकोनेट, ईडीटीए हे धातूला कवेत घेणारे रेणू धुण्याच्या केमिकलमध्ये खूप वापरतात. 'सेंद्रिय' शब्द डब्यावर आहे म्हणून ते ॲल्युमिनिअमला जपतील असं समजू नका.

मामांच्या दुकानाकडे येतो. पहिली गोष्ट मिश्रधातूची. डायकास्ट हाउसिंग बहुधा एडीसी १२ या ॲल्युमिनिअमच्या मिश्रधातूचं असणार. त्यात सिलिकॉन साडेनऊ ते बारा टक्के आणि तांबं दीड ते साडेतीन टक्के असतं. तुमचा प्रयोगशाळेतला पत्रा जवळपास शुद्ध ॲल्युमिनिअमचा असेल. हे दोन वेगळे पदार्थ आहेत असंच समजा. कॉस्टिक ॲल्युमिनिअम खातं, पण तांबं खात नाही आणि सिलिकॉन फारसं खात नाही. ते बारीक भुकटीसारखे वर उरतात. काळपट थर म्हणतात तो बऱ्याचदा हाच असतो. शिवाय तांब्याचे कण आणि शेजारचं ॲल्युमिनिअम यांची छोटी छोटी विद्युतघटं तयार होतात आणि तिथून खड्डे सुरू होतात.

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून इतकं ठासून सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत एका कारखान्यासाठी मी धुण्याचं केमिकल तयार केलं. चाचण्या केल्या त्या बाजारातून आणलेल्या शुद्ध पत्र्याच्या तुकड्यांवर. तुकडे आरशासारखे निघाले. लाइनवर केमिकल टाकलं आणि तिसऱ्या दिवशी पूर्ण पॅलेट राखाडी झालं. आम्ही पीएच जपण्यासाठी मोनोइथेनॉलअमाइन घेतलं होतं. शुद्ध पत्र्याने ते सहन केलं, तांबं असलेल्या कास्टिंगने केलं नाही. तो माल त्या लोकांना पुन्हा ब्लास्ट (कणांचा मारा करून साफ) करावा लागला. तेव्हापासून मी कूपन (चाचणीचे तुकडे) फक्त प्रत्यक्ष जॉबमधून कापून घेतो, आणि कास्टिंगची वरची कातडी एका बाजूला तशीच ठेवतो. मशीन केलेली बाजू आणि कातडीची बाजू वेगळी वागतात.

काळं नेमकं काय आहे हे ओळखायला प्रयोगशाळेची गरज नाही. पांढऱ्या कोरड्या टिश्यूने जोरात घासा. टिश्यू काळा झाला तर वर सुटी भुकटी आहे, म्हणजे धातू खाल्ला गेला आणि तांबं-सिलिकॉन उरलं. टिश्यू स्वच्छ राहिला आणि डाग तसाच राहिला तर तो बहुधा पाण्यातून धरलेला ऑक्साइडचा जाड थर आहे. कॉलेजात तुमच्याकडे फ्यूम हूड असेल तर पहिल्या प्रकारचा तुकडा निम्मं पाणी घातलेल्या नायट्रिक आम्लात अर्धा मिनिट बुडवा. तांबं विरघळून रंग लक्षात येईल इतका उजळतो, सिलिकॉनची राखाडी छटा मागे राहते. सिलिकॉन काढायला हायड्रोफ्लोरिक आम्ल वापरतात असं कुठेतरी वाचायला मिळेल. त्या वाटेला तुम्ही किंवा मामांच्या पोरांनी अजिबात जायचं नाही. त्याचा थेंब कातडीखाली उतरून हाडापर्यंत जातो, आणि सुरुवातीला दुखतही नाही.

आता इनहिबिटर. ॲल्युमिनिअमच्या धुण्यासाठी पीएच साडेआठ ते साडेनऊच्या पट्ट्यात आणायचा आणि तेल काढायचं काम कॉस्टिकऐवजी सर्फॅक्टंट (साबणासारखं तेल सोडवणारं द्रव्य), तापमान आणि फवाऱ्याच्या दाबाकडे द्यायचं. या पट्ट्यात कार्बोक्सिलेट वर्ग (सेंद्रिय आम्लांचे क्षार) चांगला चालतो. माझा सर्वांत भरवशाचा रेणू सेबॅसिक आम्ल. दहा कार्बनची साखळी, दोन्ही टोकांना आम्लाचा गट. हे एरंडेल तेलापासून बनतं, आणि एरंडीच्या उत्पादनात भारत जगात पहिला आहे, त्यातही बहुतेक गुजरातची. पाण्यात ते जवळजवळ विरघळत नाही, म्हणून ट्रायइथेनॉलअमाइन किंवा पोटॅश घालून त्याचं क्षारात रूपांतर करून वापरतात. त्याची टोकं ऑक्साइडवरच्या हायड्रॉक्सिल गटांना धरतात आणि मधली तेलकट साखळी पाण्याला दूर ठेवते. साखळी जितकी लांब तितकं संरक्षण जास्त, पण विद्राव्यता कमी आणि फेस जास्त. दहा कार्बन हा मला सोयीचा मध्य वाटतो. मोटारींच्या रेडिएटरमध्ये दीर्घकाळ टिकणारं जे कूलंट येतं त्यातही हेच काम सेबॅसेट, २-इथाइलहेक्झानोएट, बेंझोएट करतात. जुन्या कूलंटमध्ये ॲल्युमिनिअमसाठी सिलिकेट असायचं. सिलिकेट झटपट पापुद्रा बांधतं पण लवकर संपतं. कार्बोक्सिलेट हळू बसतं आणि पुष्कळ टिकतं. धुण्याच्या मशीनमध्ये संपर्क दोन-तीन मिनिटांचाच असतो, म्हणून तिथे मी दोन्ही एकत्र घालतो.

कडक पाणी हा इथला खरा शत्रू. पवनेचं पाणी आलं तर बरं, पण उन्हाळ्यात टँकर किंवा बोअर सुरू झालं की पाण्यातलं कॅल्शियम कार्बोक्सिलेटबरोबर साबणाची कढी करतं. टाकीवर पांढरी साय धरते, नोझल बुजतात आणि आपण टाकलेलं इनहिबिटर त्या सायीत जाऊन बसतं. दुकानदाराला वाटतं डोस पूर्ण आहे, प्रत्यक्षात पाण्यात निम्माही नसतो. कमी डोसचं संरक्षण बिनडोसच्या पाण्यापेक्षा वाईट ठरू शकतं, कारण बहुतेक पृष्ठभाग झाकला जातो आणि सगळं आक्रमण उरलेल्या उघड्या ठिपक्यांवर एकवटतं. क्लोराइड असेल तर तिथे खड्डेच पडतात. वजन केलं तर फारशी घट दिसत नाही, पण दहापट भिंगाखाली खड्डे स्पष्ट दिसतात. तुमच्या प्रकल्पातही प्रत्येक तुकडा भिंगाखाली बघून मगच आकडा लिहा.

तांब्यासाठी वेगळी सोय लागते. टाकीत पितळी फिटिंग, तांब्याची हीटर कॉइल असेल तर तिथून अगदी थोडं तांबं पाण्यात उतरतं आणि ॲल्युमिनिअमवर जाऊन बसतं. अशा एका बंद सर्किटमध्ये ॲल्युमिनिअमच्या उष्णता-विनिमयकाला सुईने टोचल्यासारखी भोकं पडलेली मी पाहिली आहेत. ॲल्युमिनिअमचं इनहिबिटर तिथे पुरेसं होतं, तांब्याचं नव्हतं. टॉलिलट्रायझोल किंवा बेंझोट्रायझोल थोड्या प्रमाणात घातलं की तांबं जागच्या जागी राहतं. ॲल्युमिनिअम वाचवायचं तर आधी शेजारचं तांबं वाचवावं लागतं, ही गोष्ट पाठ्यपुस्तकात एका ओळीत उरकलेली असते, कारखान्यात तिची किंमत फार मोठी असते.

जाता जाता एका रेणूबद्दल, कारण तुम्ही संशोधन करणार आहात. ८-हायड्रॉक्सिक्विनोलिन. विमानांच्या '२०२४' क्रमांकाच्या ॲल्युमिनिअमसारख्या, तांबं जास्त असलेल्या मिश्रधातूंना वर्षानुवर्षं क्रोमेटने वाचवलं. सहा संयुजेचं क्रोमियम कर्करोगकारक म्हणून हटवलं जाऊ लागल्यावर ज्या सेंद्रिय पर्यायांचा कसून अभ्यास झाला त्यातला हा एक. ॲल्युमिनिअमच्या एका आयनाला तीन रेणू धरतात आणि न विरघळणारा संकर (धातू आणि रेणू यांचं जोड-संयुग, कॉम्प्लेक्स) तयार होतो. अतिनील टॉर्च मारली की तो पिवळट हिरवा चमकतो, त्यामुळे ॲल्युमिनिअमचे आयन कुठे सुटताहेत हेही त्याच्यामुळे कळू शकतं. १९८७ मध्ये कोडॅकच्या टँग आणि व्हॅन स्लाइक यांनी ज्या सेंद्रिय प्रकाशदायी डायोडने या क्षेत्राची दिशा बदलली, त्यातला प्रकाश देणारा थर याच संकराचा होता. धुण्याच्या पाण्यात मात्र ८-हायड्रॉक्सिक्विनोलिन नको, जलचरांना ते विषारी आहे.

तुमच्या प्रबंधाबद्दल दोन गोष्टी मनापासून सांगायच्या आहेत, परीक्षकाने विचारण्याआधी. रेणू पृष्ठभागावर कसे बसतात ते तपासणारा लँगम्युअरचा आलेख तुम्ही काढला असेल, संहतीला व्याप्तीने (पृष्ठभागाचा किती भाग झाकला त्याने) भागून संहतीविरुद्ध. सरळ रेषा ०.९९ च्या वर आली म्हणून शोषण लँगम्युअरप्रमाणे आहे असं लिहिलं असेल. दोन्ही अक्षांवर संहतीच आहे, त्यामुळे व्याप्ती थोडीफार कशीही बदलली तरी रेषा सरळ येतेच. व्याप्ती थेट संहतीविरुद्ध काढा आणि मग बघा. दुसरं, अर्कातून मुक्त ऊर्जा काढून ती उणे २० किलोजूल प्रति मोलच्या जवळ म्हणून भौतिक शोषण, असं लिहू नका. अर्कात कित्येक रेणू आहेत, मोलर वस्तुमान माहीत नाही. ग्रॅम प्रति लिटरचा आकडा मोलच्या जागी घातला तर आलेली ऊर्जा निरर्थक असते. त्यापेक्षा तीच पानं वेगवेगळ्या महिन्यांत तोडून अर्क करा, दर वेळी सुका अंश मोजून डोस द्या आणि निकाल किती हलतो ते दाखवा. अर्क आठवडाभर ठेवून बुरशी धरते का, तेही लिहा. कारखान्याला हीच माहिती लागते.

प्रत्येक संहतीला निदान तीन तुकडे घ्या. प्रयोगानंतरचा थर काढायला संहत नायट्रिक आम्लात खोलीच्या तापमानाला एक ते पाच मिनिटं बुडवा, त्यात ॲल्युमिनिअम स्वतः जवळपास विरघळत नाही. तरी कोऱ्या तुकड्याची घट मोजून ती वजा करा. पुढे कूलंटकडे वळायचं असेल तर एएसटीएम या अमेरिकी मानक संस्थेची डी १३८४ ही काचपात्रातली चाचणी बघा. ८८ अंश, ३३६ तास, आणि पाण्यात क्लोराइड, सल्फेट, बायकार्बोनेट प्रत्येकी १०० पीपीएम. तांबं, पितळ, लोखंड, ॲल्युमिनिअम सगळे एकाच भांड्यात असतात, त्यामुळे खऱ्या इंजिनच्या जवळचं चित्र मिळतं.

मामांसाठी एक सूचना राहिली. हाउसिंग धुतल्यावर त्यावर लिक्विड गॅस्केट लावत असतील किंवा रंग देत असतील तर इनहिबिटरचा तेलकट थर चिकटण्याच्या आड येऊ शकतो. धुतलेल्या पृष्ठभागावर पाणी ओतून बघायचं. पाण्याची सलग चादर राहिली तर ठीक, थेंब थेंब तुटले तर शेवटची धुलाई इनहिबिटरचा डोस कमी असलेल्या डीएम (क्षार काढलेल्या) पाण्याने घ्यायची. आणि डायइथेनॉलअमाइनसोबत नायट्राइट असलेलं कुठलंही स्वस्त केमिकल घ्यायचं नाही. त्यांच्यापासून नायट्रोसअमाइन तयार होतात, आणि त्या वाफेत माणसं रोज आठ तास उभी असतात.

या आठवड्यात मात्र नवीन केमिकल विकत घेण्याआधी एवढं करा. एकाच खराब हाउसिंगमधून चार तुकडे कापा, एमरीने घासा, अल्कोहोलने पुसा. एक तुकडा टाकीतल्या गरम केमिकलमध्ये तीन मिनिटं ठेवून लगेच डीएम पाण्याने धुवा आणि गरम हवेने वाळवा. दुसरा तसाच तीन मिनिटं ठेवा, पण न धुता, न वाळवता प्लास्टिकच्या पिशवीत रात्रभर ठेवा. तिसरा केमिकल न लावता नुसत्या बोअरच्या पाण्याने ओला करून तशाच पिशवीत, आणि चौथा कोरडा. सकाळी चारही शेजारी मांडा. पहिलाच काळा असेल तर केमिकलचा पीएच जास्त आहे आणि ते बदलावंच लागेल. पहिला उजळ आणि दुसरा काळा असेल तर दोष धुण्याच्या केमिकलपेक्षा नंतरच्या ओल्या साठवणुकीचा आहे, पावसाळ्यात एकावर एक रचलेल्या ओल्या जॉबमध्ये तर हमखास. तिथे शेवटची धुलाई आणि ब्लोअर सुधारला की बहुतेक तक्रार थांबेल. तिसराही काळा असेल तर बोअरच्या पाण्याचं क्लोराइड आणि अल्कलिनिटी तुमच्या कॉलेजात टायट्रेशनने मोजा. ते आकडे, टाकीचा पीएच आणि चारही तुकड्यांचे उजेडातले फोटो पाठवा, म्हणजे सेबॅसेट आणि सिलिकेटचं प्रमाण मी काढून देतो.